दसऱ्याला पुजलेले इंजेक्टर

गाडीला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मागाहून कोणी सहानुभूती दाखवायला नको. अकरा वर्षांची डिझेल गाडी, टर्बोवाली, रंग करडा. सकाळी एका चावीत सुरू व्हायची आणि नेरूळहून बेलापूरच्या ऑफिसात मला मुकाट्यानं नेऊन सोडायची. तिच्याबद्दल माझी काही तक्रार आहे, हे त्या रविवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत मला स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हतं.

साडेपाचला पारसिक हिलच्या चढावर पाण्याच्या टँकरनं मला ओव्हरटेक केलं.

शेजारी माझा मेव्हणा अश्विन बसला होता. तो गप्प बसला असता तर हे प्रकरण तिथंच संपलं असतं. पण त्यानं मान वळवून टँकर पार दिसेनासा होईपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "भाओजी, भरलेला होता."

मागच्या सीटवर नंदिनी, म्हणजे माझी बायको, खिडकीबाहेर बघून हसली. मी आरशात पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अनेकदा हसली आहे, पण भावासोबत हसली की जरा जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी मी शिरवण्यात सुलेमानभाईंच्या गॅरेजवर हजर. सुलेमानभाई पेवेकर मूळचे म्हसळ्याकडचे. पत्र्याच्या शेडखाली त्यांचं गॅरेज आहे आणि एकोणीस वर्षं माझ्या गाड्या, आधीची सेकंडहँड आणि नंतरची ही, त्यांच्याच हाताखालून गेल्या आहेत. त्यांची पद्धत ठरलेली. आधी बॉनेटवरून हात फिरवायचा आणि मग मालकाला झापायचं. "सुधीरभाऊ, क्लचवर पाय ठेवून झोपता काय तुमी?" "सुधीरभाऊ, टायरात हवा कधी बघितली होती? गणपतीत? कुठल्या वर्षीच्या?" हे सगळं चार गिऱ्हाइकांसमोर, मी तिथल्या जुन्या टायरवर बसलेला असताना. मला राग यायचा. तरी मी दर तीन महिन्यांनी तिथंच जायचो, कारण हक्कानं ओरडणारं माणूस माझ्या वयात फारसं उरत नाही. आईवडील गेले, आणि नंदिनी ओरडत नाही, ती नुसती बघते.

टँकरची हकिगत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गियर कुठला होता?"

"चौथा."

"मग टँकरच काय, भाजीची हातगाडी पन पुढे जाईल. चढाला तिसरा टाका. झालं काम."

झालं काम! माणूस रात्रभर तळमळून येतो आणि त्याला सांगायचं, तिसरा टाका. ज्या उपायाला काही खर्च नाही, कोणाला फोन करावा लागत नाही, ऑफिसात सांगण्यासारखं काही नाही, असल्या उपायाला मी उपाय मानतच नाही. मी तोंड पाडून उठलो. तेवढ्यात शेजारच्या नव्या गाळ्यातून नदीम बाहेर आला.

नदीम हा सुलेमानभाईंचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा. पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षं टर्बो गाड्यांचंच काम करून आला होता आणि जूनमध्ये त्यानं बापाच्या शेडला लागून गाळा भाड्यानं घेतला होता. आत पांढऱ्या फरश्या, भिंतीवर ओळीनं लावलेले पाने आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा लॅपटॉप. त्यानं माझी गाडी एक चक्कर चालवून आणली आणि म्हणाला, "काका, गाडीत दम आहे. कंपनीनं गळा आवळून ठेवलाय, एवढंच."

या एका वाक्यानं मी गेलो. अकरा वर्षं गळा आवळलेली गाडी मी चालवतोय आणि मला पत्ता नाही! खरं सांगायचं तर तो गाडीबद्दल बोलत होता आणि मी ते स्वतःबद्दल ऐकत होतो.

"मोठे इंजेक्टर टाकू," नदीम म्हणाला. "मजुरी नको मला, फक्त पार्टचे द्या. तुमची गाडी मला लोकांना दाखवायला पाहिजे. तुमच्या सोसायटीत चाळीस गाड्या आहेत. दिवाळीच्या आत त्यातल्या दहा जरी माझ्याकडे आल्या, तर हा गाळा टिकतो. नाही आल्या, तर परत कोणाची तरी नोकरी."

सुलेमानभाई हात पुसत हसले. "मी तर नकोच म्हनतोय. पन करायचंच असेल तर करा. पोराचं नाव तुमच्या हातात हाय, सुधीरभाऊ."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काळजीच करू नका." हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय.

इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी सुई, चार सिलिंडरना चार. इतपत मला समजलं. पण मोठे इंजेक्टर टाकले की डिझेल जास्त जातं. डिझेल जास्त, तर हवा जास्त पाहिजे, म्हणून टर्बो मोठा. टर्बो मोठा, तर हवा तापते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर मोठा. एवढी ताकद आली की जुना क्लच घसरतो, म्हणून क्लच नवा. हे सगळं आहे हे कॉम्प्युटरला कळायला पाहिजे, म्हणून त्याचं प्रोग्रॅमिंग. आमच्या घरी एकदा बाथरूमचा नळ बदलायला काढला होता आणि शेवटी हॉलच्या फरश्या निघाल्या होत्या. नंदिनीनं त्याची आठवण करून दिली. मी म्हणालो, तो प्लंबर होता, हा इंजिनीअर आहे.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या सोसायटीत कोणाला गाडीतलं कळत नाही आणि त्यामुळे कोणालाच बोलायचा संकोच नाही. बी-विंगच्या एका गृहस्थांनी "टर्बो काढूनच टाका, आमच्या वेळी कुठं होते?" असं सुचवलं. शिरवण्याचे मूळ गावकरी गोटीराम पाटील, ज्यांचे आमच्याच इमारतीत दोन फ्लॅट आहेत, ते लिफ्टमध्ये भेटले. "टिपनीस, गारी उरवनार हाय का काय तू? खारघरच्या पलीकडं नवा विमानतल झालाय, तितं लाव." सोसायटीच्या सेक्रेटरी सगुणाताईंनी मात्र ही गोष्ट गंभीरपणे घेतली. त्या कुठलीच गोष्ट हलक्यात घेत नाहीत. पार्सल सोसायटीच्या पत्त्यावर येणार म्हटल्यावर त्यांनी लेखी अर्ज मागितला: "वाहनाचे सुटे भाग आवारात आणण्याबाबत." मी दिला. त्यांनी परत पाठवला, कारण त्यावर फ्लॅट नंबर होता पण पार्किंग नंबर नव्हता.

आमच्या ऑफिसचीही तऱ्हा तीच. मी विमा कंपनीत आहे, गाड्यांच्या नुकसानीचे दावे तपासतो. तेव्हा माझ्याच गाडीत बदल करतोय हे माझ्याच कंपनीला कळवणं भाग होतं. फॉर्मवर बदलाचे तीनच प्रकार होते: रंग, सीएनजी आणि इतर. मी 'इतर'वर खूण केली. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं माझाच फॉर्म माझ्याकडे परत आणून विचारलं, "इतर म्हणजे काय, टिपणीस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग रंग लिहू का? लवकर होईल."

माझ्या नोकरीबद्दल आणखी एक सांगायला हवं. बावीस वर्षं मी लोकांचे जबाब ऐकतोय आणि समोरचा खोटं बोलतोय की नाही हे मला दोन मिनिटांत कळतं. खरं बोलणारा माणूस एकदाच 'नाही' म्हणतो. खोटं बोलणारा 'छे छे' म्हणतो, दोनदा, आणि वर न विचारलेलं एक वाक्य जोडतो. नवीन पोरांना मी हे शिकवतो. ऑफिसात माझी त्याबद्दल ख्याती आहे.

तर गाडी सुलेमानभाईंकडे पोचली, उघडली गेली, टर्बो बसला, क्लच बसला. इंजेक्टर तेवढे राहिले. ते आले खंडेनवमीच्या संध्याकाळी, आणि आले ते आमच्या घरी, कारण ऑर्डर माझ्या नावानं होती. मी नदीमला फोन केला.

"परवा सकाळी आणा, काका," तो म्हणाला. "डबा उघडू नका. आणि टोपणं तर अजिबात काढू नका. त्याची भोकं केसापेक्षा बारीक असतात. धुळीचा कण गेला तरी खेळ खलास."

"मला सांगतोस?" मी म्हणालो. "अरे, असले दावे रोज बघतो मी."

दुसऱ्या दिवशी दसरा. आणि सकाळी साडेआठला, तोरणं लावून झाल्यावर, माझ्या लक्षात आलं की यंदा पूजेला गाडीच नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. खाली पार्किंगमध्ये चाळीस गाड्या धुवून, झेंडूच्या माळा घालून उभ्या, आणि माझ्या जागेवर तेलाचा एक डाग. गोटीराम आपल्या तिन्ही गाड्यांपुढे नारळ फोडून वर आमच्या गॅलरीकडे बघत होते. मला ते सहन झालं नाही.

मी पाट मांडला, त्यावर नंदिनीची जुनी पैठणी घडी करून घातली आणि डबा उघडला. आत चार इंजेक्टर, चकचकीत, दोन्ही टोकांना पिवळी प्लास्टिकची टोपणं.

नंदिनी श्रीखंड ढवळत होती. "अहो, डब्यासकट करा ना पूजा."

"पुठ्ठ्याची पूजा करू?"

"मग टोपणं तरी राहू देत. तो मुलगा काय म्हणाला काल?"

"तो धुळीबद्दल म्हणाला. हळदीकुंकू म्हणजे धूळ आहे का?" असं मी खरंच बोललो. आणि चारी इंजेक्टरांची आठही टोपणं काढून एका वाटीत ठेवली, कारण प्लास्टिकला कुंकू लावणं माझ्या मनाला पटेना. फुलानं पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आपट्याचं पान ठेवलं. चौघांना मिळून नैवेद्य दाखवला. मग जुन्या बनियनच्या कपड्यानं स्वच्छ पुसून टोपणं घट्ट लावली. नंदिनी नुसती बघत होती.

नऊ वाजता मोबाइल पाहिला. नदीमचा फोटो आला होता. गॅरेजात माझी गाडी, बॉनेट बंद, त्यावर झेंडूची ही जाड माळ आणि काचेवर आंब्याची डहाळी. खाली लिहिलं होतं, "काका, अब्बांनी गाडीला हार घातलाय. तुमचा खाडा नको म्हणाले. दसऱ्याच्या शुभेच्छा."

मी फोटो नंदिनीला दाखवला नाही. तिनं तो संध्याकाळी स्वतःच पाहिला.

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले, ते नाकारण्यात अर्थ नाही. नदीमनं इंजेक्टर बसवले, लॅपटॉप लावला आणि आम्ही दोघं पारसिक हिलला गेलो. चौथ्या गियरात! गाडीनं चढ असा घेतला की मी ओरडलो. पुढे एक टँकर होता. तोच असेल असं समजून मी त्याला मागे टाकला आणि नदीमला म्हणालो, "भरलेला होता." तो एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उतरताना म्हणाला, "काका, आता लोकांना दाखवा."

मी दाखवली. प्रत्येकाला एकेक चक्कर. सगुणाताईंनी नोटीस बोर्डावर यादी लावली: "दिवाळीपूर्व वाहन तपासणी, नदीम पेवेकर, शिरवणे." पहिल्या दिवशी चार नावं, तिसऱ्या दिवशी अकरा. यादीचा फोटो मी नदीमला पाठवला. सुलेमानभाईंचा फोन आला. ते फोन करत नाहीत. "पोरगा सारखा फोटोच बघतोय," म्हणाले. "आनि तुमी क्लचवरनं पाय काढा, नवीन हाय तो."

मग कोजागिरी आली.

सोसायटीत पार्किंगच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम असतो. संध्याकाळी साडेसातला मोठ्या पातेल्यात वीस लिटर दूध तापत ठेवलेलं, सगुणाताई केशर मोजून घालताहेत, पोरं धावताहेत. मी ऑफिसातून येत होतो. गेटपाशी मला गाडीचा आवाज वेगळा लागला, ठोके पडल्यासारखा. पण सगळे बघताहेत म्हटल्यावर मी जरा जोरात आत घेतली.

पुढचं मी आरशात पाहिलं, कारण जे घडलं ते सगळं गाडीच्या मागे. मागून धुराचा लोट. आधी पांढरा, मग काळा. तो पातेल्यावर गेला, सगुणाताईंवर गेला, खुर्च्यांवर बसलेल्या ज्येष्ठ नागरिकांवर गेला. पोरांना वाटलं डास मारायची धुराची गाडी आली, ती आनंदानं मागे धावायला लागली. त्यांच्या आया त्यांच्या मागे. मी गाडी बंद केली तर ती बंद होईना. चावी माझ्या हातात आणि इंजिन आपलं धडधडतंय. शेवटी गियरात टाकून क्लच सोडला तेव्हा एक आचका देऊन थांबली, बरोबर पातेल्यापासून दोन हातांवर.

धूर विरला. दुधावर काजळीची साय धरली होती. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती.

गोटीराम पुढे आले. त्यांना माझी दयाच आली असावी, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुजा काय दोष न्हाय टिपनीस. त्या पोरानं घान केली. आपन विश्वास टाकला न्हवं?"

आणि मी म्हणालो, "हं."

एवढंच. दुसरा शब्द नाही. मला त्या क्षणी माहीत होतं. तसा पुरावा नव्हता, पण मला पाट दिसत होता, पैठणी दिसत होती, वाटीतली आठ पिवळी टोपणं दिसत होती. मला बोलता आलं असतं. पण पन्नास माणसांसमोर, वीस लिटर नासलेल्या दुधासमोर, दावे तपासणाऱ्या माणसानं कसं सांगायचं की मी इंजेक्टरांना हळदीकुंकू लावलं? म्हणून मी 'हं' म्हणालो. त्या 'हं'ची मला आजही लाज वाटते.

नंदिनी घागऱ्यावरची काजळी झटकत असलेल्या शेजारणीच्या मागे उभी होती. तिनंही ते ऐकलं.

सकाळी नदीम स्वतः टोइंगवाल्याला घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. बॉनेट उघडून त्यानं बराच वेळ पाहिलं. "तिसरा इंजेक्टर अडकलाय, काका. उघडाच राहिलाय. नळ चालू राहावा तसं डिझेल गळत राहिलं." मग हात पुसत, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "काका, डबा घरी उघडला होता का?"

"छे छे," मी म्हणालो. "सीलबंद होता. मी कशाला उघडू?"

माझ्या टेबलावर हे उत्तर आलं असतं तर मी ती फाईल त्याच क्षणी बाजूला काढली असती. नदीमनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

नोटीस बोर्डावरची यादी दुपारी निघाली. सगुणाताईंनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "सभासदांनी आपापल्या वाहनांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य निर्णय घ्यावा." नाव कोणाचंच नव्हतं आणि सगळ्यांना कळलं. अकराच्या अकरा गाड्या गळाल्या. तिसऱ्या दिवशी नदीमनं माझी गाडी दुरुस्त करून आणून दिली. बदललेला इंजेक्टर, गॅस्केट, सगळं स्वतःच्या खिशातून, "गॅरेजची जबाबदारी" म्हणून. मी पैसे पुढे केले. त्यानं घेतले नाहीत. मी फार आग्रह केला नाही, कारण आग्रह केला असता तर का करतोय ते सांगावं लागलं असतं.

घरात नंदिनीनं तीनदा विषय काढला. पहिल्यांदा म्हणाली, "सांगून टाका." दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो, त्याचा गाळा आहे तो." मी म्हणालो, योग्य वेळ बघून सांगतो. तिसऱ्यांदा ती टेबलावर दसऱ्याचा तो फोटो उघडून मोबाइल ठेवून गेली.

योग्य वेळ म्हणून मी जी बघत होतो, ती दिवाळीपर्यंत आली नाही. आमचा फराळाचा डबा दरवर्षी सुलेमानभाईंकडे जातो, आणि ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा येतो. नेहमी नंदिनी जाते. यंदा तिनं डबा भरला, वर रुमाल बांधला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही जा."

नदीमच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. आत तो भिंतीवरचे पाने उतरवून खोक्यात भरत होता. तळोज्याला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती, भाऊबीजेनंतर रुजू व्हायचं होतं.

मी म्हणालो, "नदीम, मी त्या दिवशी..." आणि पुढं सरकेना. जबाब देणारे नेमके कुठं अडतात ते मी बावीस वर्षं समोरून पाहिलं होतं.

त्यानं माझी सुटका केली. ड्रॉवरमधून एक छोटी औषधाची बाटली काढली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. त्यातून एक तांदळाचा दाणा पडला. एका बाजूनं लाल.

"तिसऱ्याच्या जाळीत होता," तो म्हणाला. "कुंकू आतपर्यंत गेलं होतं."

"कधी सापडला?"

"त्याच दिवशी. तुमच्याकडून गाडी आणली, तासाभरात."

"अरे मग बोलला का नाहीस? सोसायटीत आणून दाखवायचा होतास सगळ्यांना!" मी जवळजवळ त्याच्यावरच चिडलो.

"विचारलं होतं ना मी, काका."

खोक्यात एक पाना टाकल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात. गिऱ्हाइकाला चार लोकांत खोटं कसं पाडू? आणि अब्बा म्हणाले, थांब. सुधीरभाऊ स्वतः येऊन सांगतील. दोन-चार दिवसांत सांगतील, मी वळखतो त्यांना. म्हणून थांबलो."

मी बाहेर आलो. सुलेमानभाई शेडखाली एका रिक्षाचं चाक काढत होते. मी डबा पुढे केला. त्यांनी हात धुतले, पुसले आणि दोन्ही हातांनी डबा घेतला.

"कशाला तकलीफ केलीत, साहेब," म्हणाले.

एकोणीस वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं. आधी वाटलं दुसरं कोणी मागे उभं आहे. मी वळूनसुद्धा पाहिलं.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. काही लपवलं नाही: दसरा, पाट, टोपणं, अक्षता, आणि नदीमनं विचारल्यावर मी खोटं बोललो तेही. नदीमचा नंबर दिला, त्याच्याकडे गाड्या द्या म्हणून विनंती केली. पाच मिनिटांत चौदा जणांचे जोडलेले हात आले. सगुणाताईंनी लिहिलं, "किती निर्मळ मन! शुभ दीपावली." गोटीरामांनी हसण्याचा मिनिटभराचा ऑडिओ पाठवला. खाली पार्किंगमध्ये दोघांनी मला थांबवून माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. गाड्या सगळ्यांच्या एव्हाना दुसरीकडून तपासून झाल्या होत्या. नदीमला एकाचाही फोन गेला नाही, हे मला नंतर कळलं. पोळी लाटता लाटता नंदिनीनं विचारलं, "आता बरं वाटतंय?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "हं."

गाडी उत्तम चालते. हे सांगायलाच हवं, कारण नदीमचं काम उत्तम होतं. पारसिक हिलला ती चौथ्या गियरात सहज जाते. मी तिसरा टाकतो. अश्विन परवा विचारत होता, एवढा खर्च करून तिसरा कशाला? मी विषय बदलला.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गेलो. शेजारचं शटर पूर्ण खाली, त्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी बोर्ड. मी सवयीनं टायरवर बसायला गेलो, तर सुलेमानभाईंनी आतून खुर्ची आणून फडक्यानं पुसून दिली आणि चहा सांगितला. आता खरं ते सांगतो. मी तीन महिने मुद्दाम टायरांत हवा भरली नव्हती. चारही टायर बसले होते. येताना क्लचवर पायसुद्धा ठेवून आलो होतो. त्यांनी एकेका टायरला नळी लावली, हवा भरली, टोपणं नीट बसवली, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. चौथा टायर झाल्यावर मला राहवेना.

"सुलेमानभाई," मी म्हणालो, "पार बसले होते हो टायर. मी बघतच नाही कधी. असं करायला नको ना मी?"

ते उठले, नळी गुंडाळली.

"होतं असं, साहेब," म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.